कोडिंगची पाटी कोणती? मुलांसाठी एडिटर निवडताना



दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत सातवीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. सोयाबीन बाजार समितीत घालून आले होते, चार पैसे हातात होते. म्हणाले, "मॅडम, तालुक्याला कोडिंगचा क्लास निघालाय. पोरीला आत्तापासून शिकवलं तर पुढं लई फायदा हाय म्हणतेत. पण लॅपटॉप भारीतलाच लागंल म्हणतेत, त्यांचं सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर नीट चालत न्हाई. घ्यावा का?"

मी विचारलं, सॉफ्टवेअर कोणतं? त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. त्यावर इंजिनिअर लोक कामासाठी वापरतात अशा एका मोठ्या एडिटरचं नाव होतं. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. कारण दोन वर्षांपूर्वी तशीच चूक मी माझ्या वर्गात केली होती.

म्हणून आजचा हा लेख. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुरू करण्याचा उल्लेख आहे. तेव्हापासून शाळेत, घरात, गावातल्या क्लासमध्ये सगळीकडे कोडिंग हा शब्द ऐकू येतो. पण कोडिंग कशात लिहायचं, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगते. लहान मुलासाठी एडिटर निवडताना पुण्या-हैदराबादच्या कंपनीत काय वापरतात ते पाहू नका. आपल्या शाळेतला संगणक, आपल्याकडची वीज आणि नेट, मुलाची भाषा आणि त्याची चूक त्याला स्वतःला दिसते का, एवढंच पाहा. मोठा एडिटर नंतर एका दिवसात शिकता येतो. पहिल्या आठवड्यात बसलेली भीती मात्र वर्षभर जात नाही.

एडिटर म्हणजे नेमकं काय?

आपल्यापैकी बहुतेकांनी एमएस-सीआयटी केली आहे, पण त्यात प्रोग्रामिंग फारसं नव्हतं. म्हणून आधी सोप्या शब्दांत.

एडिटर म्हणजे कोड लिहायची वही. साधं नोटपॅडही एडिटरच आहे. पण वहीत गणित लिहिलं म्हणून ते तपासलं जात नाही, तपासायला गुरुजी लागतात. संगणकात हे काम त्या त्या भाषेचा इंटरप्रिटर किंवा कंपायलर करतो. पायथन ही भाषा घेतली तर पायथनचा इंटरप्रिटर आपण लिहिलेली एकेक ओळ वाचतो आणि तसं काम करून दाखवतो. वही, पेन, तपासणारे गुरुजी आणि चूक दाखवणारी लाल शाई हे सगळं एकाच खोलीत मांडून दिलं की त्याला डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट म्हणतात, थोडक्यात आयडीई.

हा फरक आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. उदाहरणार्थ, व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला एडिटर जगात खूप वापरला जातो आणि तो चांगलाच आहे. पण तो मुळात वही आहे. त्यात पायथन शिकवायचं तर पायथन वेगळं टाकावं लागतं आणि पायथनचं एक्स्टेन्शनही जोडावं लागतं. इंजिनिअरला हे दोन मिनिटांचं काम वाटतं. ज्या शाळेत नेट मॅडमच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं, तिथे मात्र त्यात तासच्या तास जातो.

माझी चूक

आमच्या शाळेत लोकवर्गणीतून आलेले पाच संगणक आहेत. त्यातले तीन बऱ्यापैकी चालतात. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच बसल्या आहेत. लाईट गेली की संगणक बंद, आणि लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

पायथन शिकवायचं ठरवल्यावर मी नात्यातल्या एका इंजिनिअर मुलाला विचारलं. त्याने स्वतः वापरत असलेला एडिटर सुचवला. मीही कौतुकाने तोच टाकला. मनात होतं, आपली जिल्हा परिषदेची पोरं कशात कमी आहेत? कंपनीतल्या लोकांसारखंच शिकू द्या त्यांना. एडिटरचं नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता, माझ्या निवडीचा होता.

पहिले दोन तास टाकण्यातच गेले. तिसऱ्या तासाला काळी स्क्रीन उघडली. डावीकडे दहा चिन्हं, खाली वेगळी खिडकी, कोपऱ्यात सतत काही ना काही विचारणाऱ्या सूचना, सगळं इंग्रजीत. मुलांनी पहिली दोन अक्षरं टाईप केली की एडिटर खाली पूर्ण शब्दांची यादी दाखवायचा. एन्टर दाबलं की भलताच शब्द यायचा. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे म्या लिव्हलंच न्हाई, ह्यानंच लिव्हलंय." दुसरी एक मुलगी, गणितात वर्गात सगळ्यात पुढे असणारी, गप्प बसून राहिली. विचारलं तर म्हणाली, "मला संगणक येत न्हाई."

तिला संगणक येत नव्हता असं नव्हतंच. तिला मेनू येत नव्हता. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा फरक कळत नाही. त्याला वाटतं, आपल्यालाच येत नाही. मुलं पळून जातात ती इथूनच. त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: आपण पहिलीच्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी शाईपेन देतो का?

आपण तर हे आधीपासून जाणतो

विचार करा, लेखन शिकवताना आपण किती काळजी घेतो! आधी पाटी, कारण पुसता येतं, चुकलं तरी खूण राहत नाही. मग पेन्सिल आणि दुरेघी वही. इंग्रजीला चार रेघी. गणिताला चौकटीची, म्हणजे एकक एककाखाली आणि दशक दशकाखाली येतो. पेन बऱ्याच उशिरा. कोरा कागद तर त्याहून उशिरा. कुणी पालक येऊन म्हणत नाही, "मॅडम, तहसील कचेरीत तर कोऱ्या कागदावर लिहितात, मग माझ्या पोराला दुरेघी वही कशाला?"

प्रोग्रामिंगमध्येही जाणत्या लोकांनी हाच विचार केला आहे. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉइर्झिग यांनी लहान मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. तिच्यातलं कासव पुढे जा, उजवीकडे वळ असं सांगितलं की चित्र काढायचं. आपल्यापैकी काहींनी शाळेत ते कासव पाहिलंही असेल. पुढे २००७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने स्क्रॅच आणलं. यात कोड टाईप करायचा नसतो, ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. ठोकळा बसत नसेल तर तो अडकतच नाही. म्हणजे स्पेलिंगची चूक होऊच शकत नाही, मुलाचं सगळं लक्ष विचारावर राहतं. पॅपर्ट सांगायचे की मुलांच्या साधनाचा उंबरठा खाली हवा आणि छत उंच हवं. रेझनिक यांनी त्यात भर घातली की भिंतीही रुंद हव्यात. आत यायला सोपं, वर वाढायला जागा आणि प्रत्येकाला आपापल्या वाटेने जायला मोकळीक. एडिटर निवडताना हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावं असं आहे.

चार लिटर दूध

तर मी सगळं काढून टाकलं आणि थॉनी टाकलं. एस्टोनिया या छोट्या देशातल्या टार्टू विद्यापीठात खास नवशिक्यांसाठी तयार झालेली ही पायथनची आयडीई आहे. मोफत आहे. पायथन तिच्या आतच येतं, वेगळं काही टाकायला लागत नाही. उघडली की वर लिहायची जागा, खाली उत्तराची जागा आणि एक हिरवं बटण. संपलं.

व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची खिडकी उघडता येते. कोणत्या नावात आत्ता काय साठवलंय ते तिथे दिसतं. या खिडकीचं मोल मला एका दुधाच्या गणितामुळे कळलं.

एका मुलीने घरचा हिशोब घेतला. आई रोज चार लिटर दूध डेअरीला घालते, तर तीस दिवसांचं किती? तिने संगणकाला आधी दूध किती ते विचारायला लावलं, मग त्याला तीसने गुणलं. चालवलं. चार टाकले. उत्तर आलं ते चार हा आकडा ओळीने तीस वेळा! स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते चार. मागून एक जण ओरडला, "एवढं दूध तर आख्ख्या जिल्ह्यात नसंल!" वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला.

मला कारण माहीत होतं. पायथन इनपुटमधून आलेली गोष्ट मजकूर म्हणून घेतो, आकडा म्हणून नाही. मजकुराला तीसने गुणलं की तो तीस वेळा लिहितो. पण मी सांगितलं नाही. म्हटलं, खिडकीत बघा. तिथे दूध या नावासमोर चार होता, पण अवतरण चिन्हात. एका मुलाने विचारलं, "मॅडम, चारला अवतरण चिन्ह कशाला लावलंय?" मी उलट विचारलं, मराठीत अवतरण चिन्ह कधी लावतो? क्षणभर विचार करून तो म्हणाला, "कुणी बोललेलं असलं की. म्हंजी हा आकडा न्हाई, बोललेला चार हाय."

बोललेला चार! मजकूर आणि संख्या यांतला फरक मी दोन तास बडबडून इतका नीट सांगू शकले नसते. मग इंट हा शब्द शिकवला, त्याने बोललेल्या चारचा आकड्यातला चार होतो. उत्तर आलं १२०. आधी गप्प बसलेली ती मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "आता दर बी टाकू."

त्याच तासाला आणखी एक गोष्ट मला मुलांनीच शिकवली. एकाने कळफलक मराठीवर असतानाच मराठी ४ टाकला आणि उत्तर बरोबर आलं! इंट हा मराठी अंकही समजून घेतो. मात्र कोडच्या ओळीत थेट मराठी अंक लिहिला तर पायथन चूक दाखवतो, तिथे इंग्रजी अंकच लागतात. व्हेरिएबलचं नाव मात्र दूध, दर, वय असं मराठीत ठेवता येतं. प्रिंट, इफ, फॉर हे पायथनचे स्वतःचे शब्द तेवढे इंग्रजीत. म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलालाही अर्धा कोड आपल्या भाषेत वाचता येतो. ही सोय बऱ्याच शिक्षकांना माहीतच नाही.

निवडताना या सहा कसोट्या लावा

१) आपल्या संगणकावर चालतो का? शाळांमध्ये अजून विंडोज ७ चे संगणक आहेत. त्यावर पायथनची ३.८ ही शेवटची आवृत्ती चालते, त्यापुढच्या चालत नाहीत. थॉनीची जुन्या विंडोजसाठी ३.८ सोबतची वेगळी आवृत्ती मिळते. स्क्रॅचचं आताचं ॲप विंडोज १० पासून पुढे चालतं. संगणक जुना असेल तर स्क्रॅच १.४ ही जुनी आवृत्ती घ्यावी, शिकायला तीही पुरेशी आहे.

२) नेट नसताना चालतो का? ब्राउझरमध्ये उघडणारी साधनं दिसायला छान असतात, पण तासाच्या मध्येच रेंज गेली तर चाळीस मुलं तुमच्याकडे बघत बसतात. एकदा पेनड्राइव्हवर आणून टाकता येईल असंच साधन घ्या.

३) मराठी नीट दिसते का? इथे एक धोका आहे. आपल्यापैकी अनेक जण परिपत्रकं अजून डीव्हीबी सुरेख किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतात. त्यातला मजकूर एडिटरमध्ये नेला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. कोडिंगसाठी युनिकोडच हवं. विंडोजमध्ये मराठी कळफलक चालू करा. इनस्क्रिप्ट शिकायला मुलांना आपल्यापेक्षा कमी वेळ लागतो. स्क्रॅचमध्ये भाषा बदलण्यासाठी पृथ्वीगोलाचं चिन्ह असतं. तुमच्या आवृत्तीत मराठी दिसली तर निवडा, नसेल तर ठोकळ्यांच्या नावांची मराठी पट्टी करून भिंतीला लावा. आम्ही तीच केली आणि ती मुलांनीच लिहिली.

४) चूक कुठे झाली ते मुलाला दिसतं का? ही माझ्या मते सगळ्यात मोठी कसोटी. थॉनीमध्ये अवतरण चिन्ह किंवा कंस बंद करायचा राहिला तर तो भाग वेगळ्या रंगात दिसतो, चालवायच्या आधीच. शिवाय प्रोग्राम एकेक पायरीने चालवून बघता येतो. आपण भागाकार फळ्यावर एकेक पायरीने सोडवतो, अगदी तसाच.

५) पहिला प्रोग्राम किती वेळात चालतो? संगणक सुरू केल्यापासून दहा मिनिटांत मुलाने स्वतःचं नाव स्क्रीनवर आणलं पाहिजे. नाही आलं तर साधन बदला.

६) पैसे लागतात का? स्क्रॅच, थॉनी, पायथन आणि पायथनसोबत येणारं आयडल हे सगळं मोफत आहे. विंडोजच नसेल तर लिनक्सवरही हे चालतं. आपल्या सी-डॅकने बॉस नावाची लिनक्स प्रणाली केली आहे आणि शाळांसाठी तिची एज्युबॉस ही वेगळी आवृत्तीही आहे. शिकण्यासाठी एडिटर विकत घ्यायची वेळ प्राथमिक शाळेत येतच नाही.

इयत्तेप्रमाणे माझी निवड अशी

पहिली-दुसरी: संगणक नकोच. फरशीवर खडूने चौकटी आखा. एक मूल रोबो, दुसरं सांगणार: दोन पावलं पुढे, उजवीकडे वळ. चुकीची सूचना दिली की रोबो भिंतीला जाऊन धडकतो. कोडिंगचा पाया इथेच घातला जातो.

तिसरी ते पाचवी: टॅब असेल तर स्क्रॅचज्युनिअर. ते मुळात पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्यात वाचायला जवळजवळ काही नसतं. आपल्या मुलांना पहिल्यांदा टॅब तिसरीत मिळाला तरी सुरुवात तिथूनच करायला हरकत नाही. संगणक असेल तर स्क्रॅच.

सहावी ते आठवी: पहिले सहा महिने स्क्रॅच, मग थॉनी. थॉनी नाहीच टाकता आलं तर आयडल. पायथन टाकलं की ते सोबत येतंच.

नववीपासून पुढे: ज्याला गोडी लागली आहे त्याने खुशाल व्हीएस कोड घ्यावं. तोपर्यंत फाईल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, चुकीचा संदेश कसा वाचायचा हे त्याला कळलेलं असतं.

काही आक्षेप

"पुढे जाऊन मोठंच वापरायचंय, मग आत्ताच का नको?" हा प्रश्न पालक हमखास विचारतात. माझं उत्तर असं: जी साधनं आज आहेत, ती हे मूल नोकरीला लागेल तेव्हा असतीलच याची खात्री कोण देणार? आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांमध्ये मुलं टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर प्रोग्रामिंग शिकली. बोरलँड कंपनीचं टर्बो सी १९८७ चं आणि टर्बो सी++ १९९० चं. सी++ भाषेचं अधिकृत मानक आलं १९९८ मध्ये, म्हणजे या एडिटरनंतर. तरीही पुढे कितीतरी वर्षं, नव्या विंडोजवर डॉसबॉक्स टाकून, तोच शिकवला गेला. का? तर शिकवणारे त्यावर शिकले होते म्हणून. शिकवणाऱ्याच्या सवयीने साधन निवडलं की असं होतं. पण त्या निळ्या स्क्रीनवर ज्यांनी विचार करायला शिकून घेतलं, ते पुढे कोणत्याही एडिटरवर सरावले. साधन बदलतं, विचार सोबत जातो.

"स्क्रॅच म्हणजे खेळच की!" हो, खेळच आहे. पण त्या खेळात जर-तर, पुन्हा-पुन्हा, चल संख्या हे सगळं आहे. आपण मणी मोजून बेरीज शिकवतो तेव्हा तोही खेळच असतो.

"आता तर एआय कोड लिहून देतं, मग एवढं कशाला?" नवे एडिटर पुढची ओळ स्वतःच सुचवतात, हे खरं आहे. ज्याला येतं त्याचा वेळ त्यातून वाचतो. पण मुलाने विचार करायच्या आधीच उत्तर समोर आलं, तर ते गाईड उघडं ठेवून स्वाध्याय सोडवण्यासारखं झालं. वही भरते, डोकं रिकामं राहतं. शिकण्याच्या काळात ही सोय बंद ठेवा. थॉनी आणि स्क्रॅचच्या साधेपणाचा इथेही फायदा होतो.

आपल्या शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यातलं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. त्यांनी काय वापरलं? पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड. महागडी प्रयोगशाळा नव्हे. मुलाच्या घरात जो मोबाईल आहे त्यातच धडा पोचला पाहिजे, हा विचार. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही क्यूआर कोड आले. मुलाकडे काय आहे तिथून सुरुवात करायची, हा धडा मी त्यातून घेतला.

वहीतला कोड

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, काही आई-वडिलांसोबत जातात. माझ्या वर्गातला एक मुलगा असाच गेला. जाताना म्हणाला, "मॅडम, तिकडं संगणक कुठला? माझं सगळं विसरून जाईल." मी त्याला चौकटीची वही दिली आणि सांगितलं, कोड यात लिही. आत सरकवायची ओळ असेल तर चार चौकटी सोडून लिही. चालवायचं डोक्यात.

पाडव्याच्या आसपास तो परत आला. वही मळलेली, कोपरे दुमडलेले. आत एक प्रोग्राम होता. वडिलांनी मुकादमाकडून घेतलेली उचल, रोज तोडलेले टन, टनाचा दर. उचल शून्याच्या वर आहे तोवर रोजची कमाई तीतून वजा करत जायची आणि दिवस मोजत जायचे.

त्याने तो थॉनीत उतरवला. चालवला तर थांबेचना. लाल बटणाने थांबवून पायरी-पायरीने चालवला. खिडकीत दिवस वाढत होते, उचल मात्र तेवढीच. तो म्हणाला, "मॅडम, उचल कमीच होईना." वजाबाकीची ओळ टाईप करताना आत सरकवायची राहिली होती. वहीत ती चार चौकटी सोडून बरोबर लिहिलेली होती. वही आणि स्क्रीन शेजारी ठेवून त्यानेच चूक शोधली.

दुरुस्त करून चालवल्यावर दिवसांचा आकडा आला. घरचे ज्या दिवसांसाठी तिकडे राहिले होते, त्यापेक्षा तो जास्त होता. या वेळी वर्गात कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पुढच्या साली किती उचल घ्यायची, ते आधीच काढता येईल का?"

येईल. उलटं गणित मांडायचं. आम्ही ते मांडलं. तीन जुन्या संगणकांपैकी एकावर, मोफत सॉफ्टवेअरमध्ये आणि मराठी नावांनी लिहिलेल्या दहा-बारा ओळींत. कोडिंग कशासाठी शिकवायचं, असं मला आता कुणी विचारलं तर मी हाच प्रोग्राम दाखवते.

शेवटी त्या वडिलांविषयी

चिठ्ठी घेऊन आलेल्या वडिलांना मी म्हटलं, लॅपटॉप यंदा राहू द्या. शनिवारी शाळा सुटल्यावर पोरीला तासभर थांबवा, मी बसते तिच्यासोबत. घरी अँड्रॉइड मोबाईल आहेच, त्यावर पायड्रॉइड ३ या ॲपमध्ये नेटशिवाय पायथन चालतं. जाहिराती असतात आणि बारीक अक्षरांमुळे तो वापरायला थोडा अवघड आहे, पण सरावाला पुरे. वर्षभराने तिची गोडी टिकली तर लॅपटॉपचं बघू, आणि तेव्हाही साधाच बघू.

ते म्हणाले, "मग क्लासवाले भारीतलाच का म्हणायलेत?" मी एवढंच म्हटलं, की तुम्ही बियाणं घेताना दुकानदार सांगतो तेच घेता, की आपल्या रानाला काय मानवतं ते बघता? ते हसले आणि चिठ्ठी खिशात ठेवून गेले.

पालकांना विनंती एवढीच, की क्लास लावण्याआधी त्यांना तीन प्रश्न विचारा. पहिल्या महिन्यात माझं मूल स्वतः काय करून दाखवेल? घरी नेट नसताना त्याला सराव करता येईल का? आणि चूक झाली तर ती तो स्वतः शोधायला शिकेल, की तुम्ही दुरुस्त करून द्याल? उत्तरं पटली तरच पैसे भरा.

शिक्षक मित्रांनो, आपण डी.एड.ला संगणकशास्त्र शिकलो नाही, म्हणून हा विषय आपला नाही असं समजू नका. कोणत्या मुलाच्या हातात कधी पाटी, कधी पेन्सिल आणि कधी पेन द्यायचं, हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही. एडिटरची निवडही तशीच आहे. तुमच्या शाळेत कोणतं साधन चाललं, कोणतं फसलं, ते जरूर कळवा. एकमेकांच्या चुकांतून शिकलो तर मुलांचा वेळ वाचेल.